माफीचा साक्षीदार आणि राजकारण : पुणेकरांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एखाद्या मोठ्या नेत्याला अटक झाली की काही दिवसांनी दुसरी बातमी येतेच: त्याच प्रकरणातला एक आरोपी माफीचा साक्षीदार होणार. मग वाद पेटतो. एक बाजू म्हणते, सत्य बाहेर येतंय. दुसरी म्हणते, साक्ष विकत घेतली. पुण्यात या वादाला जुन्या आठवणींचीही जोड असते, कारण माफीच्या साक्षीदारावर उभे राहिलेले देशातले काही गाजलेले खटले याच शहराशी जोडलेले आहेत. शिवाजीनगरच्या न्यायालयाच्या आवारात, कट्ट्यांवर आणि सोसायट्यांच्या ग्रुपवर पुन्हा पुन्हा निघणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरांत कायदा सांगितला आहे आणि जिथे माझं मत आहे तिथे तेही उघडपणे मांडलं आहे.

माफीचा साक्षीदार म्हणजे नेमकं कोण?

गुन्ह्यात स्वतः सामील असलेला किंवा त्याची आतून माहिती असलेला माणूस. आपल्याला ठाऊक असलेलं सगळं, स्वतःच्या वाट्यासकट, खरं सांगण्याच्या अटीवर न्यायालय त्याला त्या गुन्ह्यापुरती माफी देऊ करतं. त्याने ती स्वीकारली की तो आरोपी राहत नाही, सरकार पक्षाचा साक्षीदार होतो.

आधी ही तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३०६ ते ३०८ मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३४३ ते ३४५ मध्ये आहे. गाभा बदललेला नाही. सत्र न्यायालयात किंवा विशेष न्यायाधीशापुढेच चालणारे गुन्हे आणि सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेचे गुन्हे एवढ्यांनाच ती लागू होते. साध्या चोरीच्या प्रकरणात हा मार्ग नाही.

ही माफी देतं कोण? पोलीस, ईडी की सरकार?

न्यायालय. तपास चालू असताना मुख्य न्यायदंडाधिकारी, खटला सत्र न्यायालयात गेल्यावर सत्र न्यायाधीश, भ्रष्टाचार किंवा मनी लाँडरिंगच्या प्रकरणांत विशेष न्यायाधीश. तपास यंत्रणा अर्ज करू शकते, आरोपीच्या अर्जाला संमती देऊ शकते किंवा विरोध करू शकते. न्यायदंडाधिकाऱ्यांना माफी का दिली याची कारणं लेखी नोंदवावी लागतात आणि आरोपीने मागितली तर त्या नोंदीची प्रत त्याला विनामूल्य द्यावी लागते.

म्हणून ‘अमुक नेत्याला ईडीने माफी दिली’ असा मथळा दिसला तर तो चुकीचा आहे. मात्र यंत्रणेचा हात या निर्णयात मोठा असतो हेही खरं. तिचा विरोध असताना माफी मिळणं अवघड, आणि तिची संमती असताना न्यायालयाने नकार देणं विरळा. राजकीय वादाचं मूळ इथेच आहे.

गुन्हेगाराला माफी देण्याची गरजच काय?

कारण काही गुन्हे असे असतात की जे आत होते त्यांच्याखेरीज कोणीच काही पाहिलेलं नसतं.

जोशी-अभ्यंकर हत्याकांड आठवा. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात पुण्यात दहा जणांचे खून झाले. विजयनगर कॉलनीतलं जोशी कुटुंब, भांडारकर रस्त्यावरचं अभ्यंकर कुटुंब. त्या काळात दिवेलागणीनंतर लोक दाराला कड्या घालून बसत, ओळखीचा आवाज आल्याशिवाय उघडत नसत. ज्यांनी हे केलं ते टिळक रस्त्यावरच्या अभिनव कला महाविद्यालयाचे विद्यार्थी निघाले. राजेंद्र जक्कल, दिलीप सुतार, शांताराम जगताप आणि मुनव्वर शाह यांना २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यात फाशी झाली.

या खटल्यात त्यांचाच एक सहाध्यायी माफीचा साक्षीदार झाला होता. कट कसा शिजला, कोण कुणाला काय म्हणालं, वस्तू कुठे गेल्या, हे सांगू शकेल असा घराबाहेरचा साक्षीदार नव्हता. घरातले तर मारले गेले होते. त्याला माफी मिळाली हे अनेक पुणेकरांना तेव्हा पटलं नव्हतं, आणि मृतांच्या आप्तांच्या जागी स्वतःला ठेवून पाहिलं तर ते समजण्यासारखं आहे. पण ती साक्ष नसती तर त्या भिंतींच्या आत काय घडलं याचा बराचसा भाग अंधारात राहिला असता. या तरतुदीची मला पटणारी बाजू ही आहे. एकाच्या शिक्षेवर पाणी सोडून समाज सत्य मिळवतो, आणि हा व्यवहार न्यायाधीशापुढे, कागदावर होतो.

मग त्याची साक्ष न्यायालय जशीच्या तशी मानतं का?

नाही, आणि मानूही नये. स्वतःची मान सोडवण्यासाठी दुसऱ्याचं नाव घेणाऱ्या माणसाकडे कायदा पहिल्यापासून संशयाने पाहत आला आहे. १८७२ च्या पुरावा कायद्यात दोन गोष्टी शेजारी शेजारी होत्या. कलम १३३ म्हणे, साथीदाराच्या पुष्टी नसलेल्या साक्षीवर शिक्षा झाली एवढ्यावरून ती बेकायदा ठरत नाही. कलम ११४ मधलं उदाहरण म्हणे, महत्त्वाच्या तपशिलात पुष्टी मिळाल्याखेरीज असा साथीदार विश्वासार्ह नाही असं न्यायालय गृहीत धरू शकतं. न्यायालयांनी दुसऱ्या वाक्याला कायम अधिक वजन दिलं.

१९५७ च्या सरवान सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दुहेरी कसोटी पक्की केली. आधी माणूस म्हणून साक्षीदार विश्वास ठेवण्याजोगा आहे का, आणि त्यात उतरला तरच पुढे त्याच्या सांगण्याला स्वतंत्र पुष्टी आहे का, हे पाहायचं. तो निकाल लिहिणारे न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर साताऱ्याचे. त्यांनी डेक्कन कॉलेजात आणि पुण्याच्या आयएलएस विधी महाविद्यालयात शिक्षण घेतलं होतं. नव्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १३८ मध्ये आता थेट ‘पुष्टी मिळालेल्या’ साक्षीचा उल्लेख आहे. जे न्यायालयं सात दशकं पाळत आली ते कायद्याच्या शब्दांत आलं. ही सुधारणा चांगली आहे, आणि तिची चर्चा व्हायला हवी होती तेवढी झाली नाही.

गांधीहत्येच्या खटल्यातले दिगंबर बडगे हे माफीचे साक्षीदारच ना?

हो. बडगे पुण्यात ‘शस्त्र भांडार’ चालवत. लाल किल्ल्यातल्या खटल्यात त्यांना माफी मिळाली आणि कटाची मोठी हकीकत त्यांच्या तोंडून न्यायालयापुढे आली. विशेष न्यायाधीश आत्मा चरण यांनी १० फेब्रुवारी १९४९ रोजी निकाल दिला. वर सांगितलेली कसोटी प्रत्यक्षात कशी चालते, हे त्या निकालात स्वच्छ दिसतं.

न्यायाधीशांना बडगे एकंदरीत खरं बोलणारे वाटले. तरीही प्रत्येक आरोपीबाबत त्यांनी वेगळी पुष्टी शोधली. नथुराम गोडसे, आपटे, करकरे यांच्याबाबत ती भरपूर होती. वि. दा. सावरकरांविरुद्धचा भाग मात्र बडगे यांच्या साक्षीवरच टेकलेला होता, आणि केवळ तिच्या आधारे निष्कर्ष काढणं सुरक्षित नाही असं म्हणून सावरकरांना निर्दोष सोडलं गेलं. बडगे यांचा नोकर शंकर किस्तैया याला शिक्षा झाली, पण अपिलात तोही सुटला. मालक आधी सुटलेला होताच, माफीमुळे. हा तपशील फारसा कोणी सांगत नाही, पण माफीमुळे सोबतच्या लहान माणसाच्या वाट्याला काय येऊ शकतं ते त्यातून कळतं.

त्या निकालावरून अजून वाद का होतो?

नोव्हेंबर १९६४ मध्ये, सुटून आलेल्या गोपाळ गोडसे आणि करकरे यांच्यासाठी पुण्यात एक कार्यक्रम झाला. त्यात पत्रकार ग. वि. केतकर यांनी आपल्याला हत्येच्या बेताची आधी कल्पना होती असं सांगितलं. देशभर गदारोळ उठला, चौकशी नेमली गेली आणि अखेर न्यायमूर्ती जीवनलाल कपूर आयोगाचा अहवाल १९६९ मध्ये आला. सावरकरांच्या अंगरक्षकाचे आणि सचिवाचे पोलिसांनी १९४८ मध्येच घेतलेले जबाब खटल्यात साक्ष म्हणून आले नव्हते. आयोगाने ते विचारात घेतले. एक बाजू आयोगाच्या अहवालावर बोट ठेवते, दुसरी न्यायालयाच्या निर्दोषत्वावर. माझ्या मते यातून निघणारा धडा तपासाविषयी आहे. माफीचा साक्षीदार मिळाला म्हणून तपास यंत्रणा निर्धास्त झाली की बाकीचा पुरावा मागे पडतो, आणि मग शंका पिढ्यानपिढ्या राहतात.

चापेकरांची नावं सांगणारे द्रविड बंधूही माफीचे साक्षीदार होते का?

त्यांचं स्थान वेगळं होतं. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीत रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. सरकारने मोठं इनाम जाहीर केलं आणि द्रविड बंधूंनी पोलिसांना माहिती पुरवली. आजच्या भाषेत ते खबरी. फेब्रुवारी १८९९ मध्ये वासुदेव चापेकर आणि महादेव रानडे यांनी त्या दोघांना पुण्यातच गोळ्या घातल्या. ‘सरकारला साक्ष देणारा’ या माणसाविषयी पुण्याच्या मनात जी अढी आहे, तिची मुळं त्या काळात आहेत. परकीय सरकारला माणसं धरून देणं आणि स्वतःच्या देशातल्या न्यायालयापुढे गुन्हा उघड करणं यांत मला मोठं अंतर वाटतं. चर्चेत ते अनेकदा पुसलं जातं.

येरवड्यातून कैद्यांना शिक्षेत सूट मिळते, राष्ट्रपती दया दाखवतात. तीच ही माफी का?

नाही. शिक्षेतली सूट, संचित रजा, राज्यपालांचा कलम १६१ खालचा आणि राष्ट्रपतींचा कलम ७२ खालचा अधिकार हे सगळं शिक्षेसंबंधी असतं आणि तिथे शब्द सरकारचा असतो. माफीच्या साक्षीदाराची माफी निकालाआधी, न्यायालयाकडून आणि साक्षीच्या बदल्यात.

एकाच प्रकरणात दोन्ही पाहायचे असतील तर बालकांच्या अपहरण आणि हत्यांचं गावित प्रकरण पाहा. पुण्यात राहणाऱ्या त्या टोळीतली रेणुका शिंदे आणि सीमा गावित यांना फाशीची शिक्षा झाली. रेणुकाचा नवरा माफीचा साक्षीदार झाला होता. पुढे राष्ट्रपतींनी दोघींचे दयेचे अर्ज फेटाळले आणि ते निकाली काढायला झालेल्या विलंबामुळे मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये फाशीऐवजी जन्मठेप दिली.

मग राजकीय वाद नेमका कशावरून आहे?

माफी न्यायालयात मिळते, पण तिची तयारी त्याआधी, कोठडीत होते. तिथे काय देऊ केलं आणि काय मागितलं हे बाहेर कळत नाही. सगळा अविश्वास तिथून येतो.

दिल्लीच्या मद्य धोरण प्रकरणाने, म्हणजे आम आदमी पक्षाच्या तिथल्या सरकारने मद्यविक्रीच्या धोरणात लाच घेतल्याच्या आरोपाने, हा प्रश्न देशापुढे ठेवला. हैदराबादचे उद्योजक शरतचंद्र रेड्डी यांना ईडीने १० नोव्हेंबर २०२२ रोजी अटक केली. ते ज्या अरबिंदो फार्मा कंपनीचे संचालक होते तिने १५ नोव्हेंबरला पाच कोटींचे निवडणूक रोखे घेतले आणि ते भाजपकडे वटले. मे २०२३ मध्ये रेड्डी यांना प्रकृतीच्या कारणावरून जामीन मिळाला, ईडीने विरोध केला नाही, आणि जूनमध्ये ते माफीचे साक्षीदार झाले. रोख्यांचा तपशील लोकांपुढे आला तो सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी ती योजनाच घटनाबाह्य ठरवल्यामुळे. आम आदमी पक्षाने याला उघड सौदा म्हटलं. ईडीचं म्हणणं असं की माफी न्यायालयाने दिली आणि देणग्यांशी तपासाचा संबंध नाही. तारखांच्या या क्रमावरून सौदा सिद्ध होत नाही. पण असा क्रम दिसल्यावर नागरिकाने प्रश्न विचारला तर त्याला राजकीय म्हणून झटकून टाकणं मला अन्यायाचं वाटतं.

त्याच प्रकरणात एप्रिल २०२४ मध्ये आम आदमी पक्षाचे खासदार संजय सिंह यांच्या जामिनाच्या सुनावणीत सर्वोच्च न्यायालयाने लक्षात आणून दिलं की दुसऱ्या एका माफीच्या साक्षीदाराने आधीच्या जबाबांमध्ये त्यांना गोवलेलं नव्हतं. ईडीने जामिनाला हरकत घेतली नाही. ऑगस्टमध्ये याच प्रकरणातल्या आरोपी, तेलंगणाच्या नेत्या के. कविता यांना जामीन देताना न्यायालयाने विचारलं की ज्याने स्वतःचा सहभाग कबूल केला त्यालाच साक्षीदार केलं, मग उद्या तुम्ही मनाला येईल त्याला निवडणार का.

आणि या सगळ्यामागे मनी लाँडरिंग कायद्याचं कलम ४५ आहे. त्याखाली जामीन मिळवायचा तर आरोपी दोषी नाही असं मानायला वाजवी कारण आहे, याबद्दल आधी न्यायालयाची खात्री पटावी लागते. जुलै २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही अट कायम ठेवली. खटला सुरूही न होता माणूस वर्ष-दीड वर्ष आत राहू शकतो. अशा माणसापुढे ‘बोललास तर जामिनाला विरोध करणार नाही’ हा पर्याय आला तर तो खरं बोलेल की हवं ते बोलेल? दोन्ही शक्य आहे. म्हणून जामिनाची वाट अरुंद करणं आणि माफीची वाट रुंद करणं या दोन गोष्टी एकत्र येतात तेव्हा मला भीती वाटते. एकेकटी कुठलीही तरतूद इतकी धोकादायक नाही.

आमिष किंवा धमकी देऊन साक्ष मिळवणं कायद्याला चालतं का?

अजिबात नाही. माफीच्या कलमांचा अपवाद सोडला तर आरोपीने काही उघड करावं किंवा लपवावं म्हणून त्याला कुठलंही वचन देऊ नये, धमकी देऊ नये, त्याच्यावर कसलाही प्रभाव टाकू नये, असं जुन्या संहितेचं कलम ३१६ सांगत होतं. आता ते कलम ३५४ आहे. आमिषाने मिळवलेला कबुलीजबाब पुराव्यात चालत नाही. घटनेच्या कलम २०(३) नुसार स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्तीही करता येत नाही.

म्हणजे कायद्याने देवाणघेवाणीला एकच दार ठेवलं आहे आणि ते न्यायाधीशासमोर उघडतं. बाकी दारं बंद. वृत्तवाहिन्यांवरच्या वादात हे कलम जवळजवळ कधीच निघत नाही. सगळा प्रश्न याच कलमापाशी येतो असं मला वाटतं.

महाराष्ट्रातलं उदाहरण?

सचिन वाझे. मार्च २०२१ मध्ये मुंबईचे माजी पोलीस आयुक्त परमबीर सिंह यांनी तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांच्यावर महिन्याला शंभर कोटींच्या वसुलीचा आरोप पत्रातून केला. देशमुखांनी तो नाकारला. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्यांना अटक झाली. बडतर्फ पोलीस अधिकारी वाझे जून २०२२ मध्ये सीबीआयच्या प्रकरणात माफीचे साक्षीदार झाले. देशमुख वर्षाहून अधिक काळ आत राहून डिसेंबर २०२२ मध्ये जामिनावर बाहेर आले, आणि जामिनाच्या टप्प्यावर वाझे यांच्या जबाबाला किती वजन द्यायचं हा प्रश्न उच्च न्यायालयापुढे आलाच.

वाझे यांच्यावर त्याच वेळी स्फोटकांच्या गाडीचा आणि मनसुख हिरेन यांच्या खुनाचा खटला होता. एका प्रकरणातली माफी दुसऱ्यात चालत नाही, त्यामुळे ते आतच राहिले. खुनाचा आरोप असलेला माणूस दुसऱ्या खटल्यात मुख्य साक्षीदार, ही गोष्ट कुठल्याही पक्षाच्या समर्थकाला अस्वस्थ करणारी आहे. पण अशा गुन्ह्यांचा साक्षीदार सज्जन असण्याची शक्यता मुळातच कमी. म्हणून पुष्टी शोधण्याचं काम कडकपणे झालं पाहिजे.

माफी मिळाली की माणूस लगेच घरी जातो?

आधीच जामिनावर असेल तर बाहेर राहतो. नसेल तर कायदा म्हणतो की खटला संपेपर्यंत त्याला कोठडीत ठेवावं. एक कारण त्याचं संरक्षण, दुसरं त्याने फिरू नये. यातून विचित्र परिस्थिती येते: ज्यांच्याविरुद्ध साक्ष द्यायची ते जामिनावर मोकळे आणि साक्षीदार आत. वाझे यांनी नेमकी हीच तक्रार मांडली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना त्या प्रकरणापुरता जामीन दिला. या नियमामुळेच ‘आधी जामीन, मग माफी’ हा क्रम इतका सोयीचा ठरतो आणि इतका संशयास्पदही.

साक्षीच्या वेळी तो फिरला तर?

त्याने मुद्दाम काही लपवलं किंवा खोटं सांगितलं असं सरकारी वकिलाने प्रमाणित केलं तर माफीचं संरक्षण जातं. मग त्याच्यावर मूळ गुन्ह्याचा खटला चालतो, पण इतर आरोपींपासून वेगळा. खोट्या साक्षीबद्दल खटला भरायचा तर उच्च न्यायालयाची परवानगी लागते. त्याचा बचाव एवढाच असतो की मी अट पाळली होती.

यात एक कच्चा दुवा आहे. तो खोटं बोलला हे ठरवण्याची सुरुवात सरकारी वकील करतो. साक्ष सरकार पक्षाला सोयीची असेल तर खोटं असूनही प्रमाणपत्र कोण देणार?

सहआरोपीला या माफीला विरोध करता येतो का?

माफी देण्याच्या टप्प्यावर फारसा नाही. तो व्यवहार न्यायालय आणि माफी मागणारा यांच्यातला मानला जातो. सहआरोपीची संधी उलटतपासणीत.

डेव्हिड हेडलीला माफी कशी काय दिली?

पुणेकरांना हा प्रश्न टोचतो, आणि का टोचतो ते उघड आहे. हेडलीने कोरेगाव पार्कमध्ये येऊन टेहळणी केली होती. १३ फेब्रुवारी २०१० रोजी तिथल्याच जर्मन बेकरीत स्फोट झाला आणि १७ जणांचा जीव गेला.

पुढच्याच महिन्यात अमेरिकेत त्याने गुन्हे कबूल केले. सहकार्याच्या बदल्यात त्याला दोन हमी मिळाल्या: फाशी नाही आणि भारताकडे प्रत्यार्पण नाही. २०१३ मध्ये त्याला ३५ वर्षांची शिक्षा झाली. डिसेंबर २०१५ मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयाने त्याला २६/११ च्या प्रकरणात माफीचा साक्षीदार केलं आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये त्याने व्हिडिओ दुव्यावरून साक्ष दिली. लष्कर-ए-तैयबा आणि आयएसआय यांच्याबद्दल त्याने जे सांगितलं ते भारतीय न्यायालयाच्या दप्तरात आलं. भारताने प्रत्यक्षात गमावलं फार थोडं, कारण तो हाती येणारच नव्हता.

पण त्याच साक्षीत, गुजरात पोलिसांच्या वादग्रस्त चकमकीत मारल्या गेलेल्या इशरत जहाँबद्दल प्रश्न आला, त्याने उत्तर दिलं आणि दिल्ली-गुजरातच्या राजकारणात आठवडाभर रण माजलं. २६/११ ची साक्ष बाजूला पडली. ज्याच्या बोलण्यावर बाकी वेळी कोणी विश्वास ठेवला नसता त्याचं एक वाक्य एका पक्षाला प्रमाण वाटलं आणि दुसऱ्याला कट. मला ती चर्चा मृतांच्या नातेवाइकांच्या दृष्टीने क्रूर वाटली. हेडलीचा साथीदार तहव्वूर राणा याला एप्रिल २०२५ मध्ये भारतात आणलं गेलं. हेडलीला नाही.

पक्ष बदलला की चौकशी थांबते, तीही माफीच ना?

कायद्याच्या दृष्टीने नाही, आणि म्हणूनच ते अधिक गंभीर आहे. आपल्याकडे लोक याला ‘वॉशिंग मशीन’ म्हणतात. इंडियन एक्स्प्रेसने एप्रिल २०२४ मध्ये दिलेल्या तपशिलानुसार, २०१४ पासून तपास यंत्रणांच्या फेऱ्यात असलेले २५ विरोधी नेते भाजपच्या बाजूला गेले आणि त्यांपैकी २३ जणांना दिलासा मिळाला. त्यात महाराष्ट्रातले अनेक होते. भाजपचं उत्तर असं की यंत्रणा पुराव्यानुसार काम करतात आणि प्रकरणं न्यायालयांत आहेत. यंत्रणांच्या वापराचा आरोप नवा नाही. मे २०१३ मध्ये, काँग्रेसप्रणीत सरकारच्या काळात, सर्वोच्च न्यायालयाने सीबीआयला पिंजऱ्यातला पोपट म्हटलं होतं.

फरक पाहा. माफीच्या साक्षीदाराला निदान काही सांगावं लागतं, शपथेवर, उलटतपासणी सोसून. इथे नेता काहीच सांगत नाही. गुन्ह्याबद्दलचं सत्य लोकांना मिळत नाही, कागद नाही, कारणं नाहीत, न्यायाधीश नाही. खटला रीतसर मागे घ्यायचा तर सरकारी वकिलाला न्यायालयाची संमती लागते, आणि ऑगस्ट २०२१ पासून आमदार-खासदारांवरचे खटले उच्च न्यायालयाच्या परवानगीविना मागे घेता येत नाहीत. पण तपास नुसता थंडावला तर त्याला कोणाचीच परवानगी लागत नाही.

इतर देशांत असे वाद होतात का?

होतात, आणि अलीकडचा एक अगदी जवळून पाहण्याजोगा आहे. न्यूयॉर्कचे तेव्हाचे महापौर एरिक ॲडम्स यांच्यावर सप्टेंबर २०२४ मध्ये लाचखोरीचे आरोप ठेवले गेले. फेब्रुवारी २०२५ मध्ये ट्रम्प प्रशासनाच्या न्याय खात्याने खटला मागे घ्यायला सांगितलं. एक कारण असं दिलं की खटल्यामुळे महापौरांना स्थलांतरितांविरुद्धच्या मोहिमेत मदत करता येत नाही. ते अमान्य असलेल्या अनेक सरकारी वकिलांनी राजीनामे दिले. ॲडम्स यांनी सौदा झाल्याचं नाकारलं. न्यायाधीश डेल हो यांनी २ एप्रिल २०२५ रोजी खटला रद्द केला, पण तो पुन्हा भरता येणार नाही अशा रीतीने, म्हणजे महापौरांच्या डोक्यावर टांगती तलवार राहू नये. आणि हे सगळं सौद्यासारखं दिसतं असं निकालात लिहून ठेवलं. तो निकाल मला फार महत्त्वाचा वाटतो. सरकारला खटला चालवायला भाग पाडणं न्यायाधीशाच्या हातात नव्हतं. काय घडलं ते नोंदवणं हातात होतं आणि ते त्यांनी केलं.

उलट टोकाला दक्षिण आफ्रिका. वर्णद्वेषी राजवट संपल्यावर आर्चबिशप डेस्मंड टुटू यांच्या अध्यक्षतेखालच्या सत्य आणि सलोखा आयोगाने राजकीय गुन्ह्यांची पूर्ण कबुली देणाऱ्यांना माफीची वाट ठेवली. ७,११२ अर्ज आले आणि ८४९ जणांना माफी मिळाली. मोठ्या अत्याचारांच्या अर्जांवर जाहीर सुनावणी होई. मारेकरी बोलत आणि मृतांचे आप्त समोर बसलेले असत. अनेक कुटुंबांना ती माफी मान्य झाली नाही, काही न्यायालयात गेली. पण जे दिलं गेलं ते सगळ्यांदेखत दिलं गेलं.

गडचिरोलीत शरण आलेल्या नक्षलवाद्यांना माफी मिळते का?

आपोआप नाही. २००५ पासूनच्या आत्मसमर्पण योजनेत पैसे, घर, रोजगार अशी पुनर्वसनाची मदत आहे. दाखल गुन्ह्यांचं काय करायचं हे प्रत्येक प्रकरणात वेगळं ठरतं.

सरकारी कचेरीत नाइलाजाने लाच दिली. मला माफीचा साक्षीदार व्हावं लागेल?

नाही. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणंही गुन्हा आहे, पण जबरदस्तीने द्यावी लागली आणि सात दिवसांत पोलिसांना किंवा लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला कळवलं तर तो गुन्हा ठरत नाही. देण्याआधीच तक्रार केलीत तर सर्वांत उत्तम.

मग ही तरतूदच काढून टाकावी का?

माझं उत्तर ठामपणे ‘नाही’ असं आहे. जोशी-अभ्यंकर खटल्यासारखी प्रकरणं पुन्हा उभी राहिली तर तिच्याविना आपण हतबल होऊ. भ्रष्टाचारातही पैसा देणारा आणि घेणारा यांच्याशिवाय तिसरा क्वचितच असतो.

पण काही गोष्टी बदलायला हव्यात. माफीच्या आदेशात आधीचे सगळे जबाब, त्यांतल्या विसंगतींसकट, नोंदवले जावेत. माफीआधीच्या वर्षभरात यंत्रणेने त्या आरोपीच्या जामिनाला विरोध केला की नाही हे लिहिलं जावं. आरोपी किंवा त्याची कंपनी यांनी कुठल्याही पक्षाला देणगी दिली असेल तर ती प्रतिज्ञापत्रावर सांगण्याची सक्ती असावी, पक्ष कुठलाही असो. कटाचा म्होरक्या सोडून प्याद्याला धरण्यासाठी माफी वापरली जात नाही ना, हे न्यायाधीशाने स्पष्ट शब्दांत तपासावं. आणि फिरलेल्या साक्षीदाराविरुद्धचं प्रमाणपत्र केवळ सरकारी वकिलाच्या हाती न ठेवता न्यायालयाला स्वतःहून दखल घेता यावी. यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही. बराचसा भाग उच्च न्यायालयं आपल्या निर्देशांतून आणू शकतात.

एखाद्या प्रकरणातला माफीचा आदेश सामान्य माणसाला वाचता येतो का?

बऱ्याचदा येतो. खटला कुठल्या न्यायालयात आहे ते कळलं की ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर पक्षकाराच्या नावाने किंवा खटला क्रमांकाने शोधा. जिल्हा न्यायालयांचे आदेश तिथे चढवलेले असतात. न मिळाल्यास न्यायालयाच्या नक्कल विभागात त्रयस्थ म्हणून, कारण लिहून, प्रमाणित प्रतीसाठी अर्ज करता येतो. परवानगी द्यायची की नाही ते न्यायालय ठरवतं. तपास चालू असताना नकार मिळू शकतो. दोषारोपपत्र दाखल झाल्यावर आणि विशेषतः साक्ष नोंदवल्यावर शक्यता वाढते. आदेश हाती आला की आधी कारणांचा परिच्छेद वाचा आणि मग जामिनाची तारीख व माफीची तारीख शेजारी मांडून पाहा.